कोकोची काढणी: देठ कापावा, फळ पिरगळू नये
ॲमेझॉनच्या वर्षावनात उंच वृक्षांच्या सावलीत वाढणारा कोको हा लहान सदाहरित वृक्ष केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून रुळला आहे. काढणीतील एक चूक मात्र पुढील अनेक बहरांना भोवते. कोकोची फुले थेट खोडावर व जाड फांद्यांवर, वर्षानुवर्षे त्याच फुगीर गाठींवर येतात. फळ ओढून वा पिरगळून तोडल्यास ही गाठ सालीसकट निघते. तेथे पुन्हा फूल धरत नाही, शिवाय जखमेतून बुरशीचा शिरकाव होतो. म्हणून धारदार सुरीने किंवा सिकेटरने देठ कापावा व त्याचा थोडा भाग गाठीवर राहू द्यावा.

फुलांचा बहर पाहून हुरळून जाऊ नये. त्यांतील मोजक्याच फुलांना फळे धरतात आणि ती पक्व होण्यास 5 ते 6 महिने लागतात. परागीभवन करणारी सूक्ष्म चिलटे ओलसर, कुजणाऱ्या पाल्यात वाढतात. तेव्हा बाग लख्ख झाडून ठेवण्याची हौस येथे आवरलेली बरी. अपवाद एकच: पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशीने काळी पडलेली फळे वरचेवर काढून नष्ट करावीत, पाल्यात टाकू नयेत.