मापात पाप नको : काटा आणि कॉम्प्युटर जोडताना

बीड जिल्ह्यातील गेवराई, माजलगाव, वडवणी हा कापसाचा पट्टा. इथल्या कापड दुकानदाराला कापड मीटरवर विकावे लागते, तसा गादी-रजईचा कापूस किलोवर. आमच्या दुकानातही इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याचे वजन वायरीतून थेट कॉम्प्युटरच्या बिलात उतरते.

गेल्या लग्नसराईत ते बंद पडले. पडद्यावर आकड्यांऐवजी वेडीवाकडी चिन्हे येऊ लागली. वजन हाताने लिहिताना घाईत १८.४०० किलोचे १४.८०० झाले. गिऱ्हाईक इमानदार, परत येऊन फरक देऊन गेले. पण चूक उलटी झाली असती तर? दुरुस्तीवाला म्हणाला, काटा गेला, नवा घ्या.

नवा घेण्यापूर्वी काटा काय पाठवतो ते स्वतः पाहायचे आम्ही ठरविले. काट्यामागे सीरियल पोर्ट असतो. त्याचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे, पण आजही काट्यांत चालते. त्यातून अक्षरे एकामागून एक, ठरलेल्या वेगाने येतात. काटा आणि कॉम्प्युटर यांचा वेग जुळला नाही तर अक्षरांचा विचका होतो. नव्या कॉम्प्युटरला हा पोर्ट बहुधा नसतो. यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो.

पूर्वी विंडोजमध्ये हायपरटर्मिनल मिळे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ते काढून टाकले. आता विंडोजवर पुट्टी आणि लिनक्सवर पिकोकॉम ही साधने फुकट मिळतात. पिकोकॉम माउसने नव्हे, आदेश टाईप करून चालते. आधी बिलाचा प्रोग्राम बंद करावा, कारण पोर्ट एका वेळी एकानेच वापरायचा असतो. मग काळ्या पडद्यावर पिकोकॉमचे नाव, वेग आणि पोर्टचे नाव लिहावे. बाहेर पडताना कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स.

आमच्या पुतण्याने ९६०० वेग दिला तेव्हा तीच चिन्हे दिसली. ४८०० वरही तेच. २४०० देताच वजन स्वच्छ दिसू लागले! काटा ठणठणीत होता. बिलाच्या प्रोग्राममधला वेग बदललेला होता. तो २४०० केला आणि काम सुरू झाले. खर्च शून्य.

पडद्यावर काहीच आले नाही तर काट्याचे प्रिंट बटण दाबून पाहावे. काही काटे त्याशिवाय वजन पाठवीत नाहीत. तरीही नाही आले तर वायर तपासावी. एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेवर गेली पाहिजे.

व्यापारी बांधवांनो, एक गोष्ट लक्षात ठेवावी. या साधनाने फक्त काट्याचा आकडा बिलात जसाच्या तसा पोहोचतो की नाही ते कळते. काटा खरा की खोटा, ते प्रमाणित वजने आणि वैधमापन खात्याची तपासणीच सांगते. काट्याच्या सीलला हात लावू नये. आकडा काट्यावर, कॉम्प्युटरवर आणि बिलावर एकच असावा. दुकानाची बरकत त्यातच आहे.