‘आयएसटी’ म्हणजे भारताची वेळ की इस्रायलची? डेटाबेसचा गोंधळ नेमका कुठे होतो?

समजा, नागपुरातल्या एका कॉलेजने ऑनलाइन फॉर्मची मुदत सिस्टीममध्ये टाकली : १५ जानेवारी, १७:०० आयएसटी. म्हणजे संध्याकाळी ५ वाजता फॉर्म बंद. प्रत्यक्षात तो बंद झाला रात्री साडेआठला. हॅकिंग नाही, सर्व्हरही डाऊन नाही. मग हे साडेतीन तास आले कुठून?

एक नाव, तीन वेळा

आयएसटी ही अक्षरं एकट्या भारताची नाहीत. भारताची वेळ यूटीसी या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. इस्रायलची प्रमाणवेळ २ तास पुढे, तर आयर्लंडची उन्हाळी वेळ १ तास पुढे. या तिन्ही वेळांना आयएसटीच म्हणतात.

पोस्टग्रेएसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा मोफत डेटाबेस. त्याच्या मूळ यादीत आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे. त्यामुळे १७:०० ची नोंद यूटीसीमध्ये १५:०० होते आणि भारतात ती दिसते २०:३०. खरं तर ती यूटीसीमध्ये ११:३० व्हायला हवी होती. डेटाबेसच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नसतं, म्हणून एररही येत नाही. चूक कळते ती कुणाची तरी मुदत हुकल्यावर किंवा हिशेब न जुळल्यावर.

मग उपाय काय?

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘इंडिया’ नावाची तयार यादी आहे. ती सेटिंगमध्ये निवडली की आयएसटी भारताचं होतं. २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत तर आधी चालू सेशनचा टाइम झोन पाहिला जातो. पण दोन्ही गोष्टी सेटिंगवर अवलंबून. सर्व्हर बदलला, सेटिंग राहून गेलं, की पुन्हा तोच घोळ.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे संक्षेप टाळणं. ‘एशिया/कोलकाता’ असं पूर्ण नाव लिहायचं. नागपूर असो की मुंबई, सगळ्या भारतासाठी हेच नाव चालतं. किंवा थेट +०५:३० लिहायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे हा आकडा वर्षभर तोच राहतो.

तुमचा काय संबंध?

परदेशातून आलेल्या वेबिनारच्या निमंत्रणात ‘सीएसटी’ दिसलं तर थांबा. ती अमेरिकेच्या मध्य भागाची वेळ असू शकते किंवा चीनची. दोन्हींत १४ तासांचा फरक आहे. आणि तुम्ही निमंत्रण पाठवत असाल, तर ‘भारतीय वेळ, यूटीसी +५:३०’ एवढं लिहा. समोरच्याला अंदाज लावावा लागणार नाही.