आधी पाणी वाचा, मग गळ टाका
किनाऱ्यावरून मासे गरवण्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरून समुद्र निवळला की कोकणच्या पुळणींवर संध्याकाळी रॉड घेतलेली माणसे दिसू लागतात. त्यांत लहानपणापासून गरवणारे गावकरी असतात, तसे मुंबई-पुण्याहून नवे सामान घेऊन आलेले हौशीही. बोट नाही, जाळे नाही. फुटणाऱ्या लाटांसमोर वाळूत उभे राहून गळ टाकायचा, एवढाच हा मामला. नव्या माणसाला मात्र दोन-चार फेऱ्या रिकाम्या हाताने परतावे लागते आणि मग तो नशिबाला किंवा रॉडला दोष देतो. खरी अडचण बहुतेक वेळा समोरच्या पाण्याकडे न पाहण्यात असते. त्यातून आलेले काही गैरसमज बाजूला सारले, तर ही गोष्ट कुणालाही जमण्यासारखी आहे.

गैरसमज : मासे लांब असतात, म्हणून गळ जितका दूर तितका चांगला.

वस्तुस्थिती : पुळणीचा तळ सपाट नसतो. लाटा वाळू हलवत राहतात आणि किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे तयार होतात. उंचवट्यावर पाणी उथळ होते, म्हणून लाट तिथे फुटते. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पट्टा राहतो. लाटांनी उकरलेले किडे, खुबे, बारीक कोळंबी या पट्ट्यात येतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. मुडदुशीसारखा वाळूतले किडे टिपणारा मासा तर अगदी काठाजवळ फिरतो. शंभर मीटर लांब फेकलेला गळ या पट्ट्याच्या पलीकडे पडला, तर मेहनत वाया जाते.

हा पट्टा शोधायला रॉड लागत नाही. मोठ्या ओहोटीला नुसते चालत जावे. कुठे खड्डा आहे, कुठे वाळूचा दांडा तुटला आहे, कुठे खडक डोके वर काढतात, हे उघड्या वाळूवर स्पष्ट दिसते. जवळचे झाड किंवा देऊळ यांची खूण धरून जागा लक्षात ठेवावी. वाळू दर पावसाळ्यात हलते, त्यामुळे गेल्या वर्षीची जागा यंदा तिथेच असेल असे नाही.

गैरसमज : महाग, लांब रॉड असल्याशिवाय सुरुवात होत नाही.

वस्तुस्थिती : दहा ते बारा फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि खाऱ्या पाण्यात टिकणारे साधे स्पिनिंग रील पुरते. लांबीचा खरा उपयोग तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, लाटांच्या वर धरून ठेवण्यासाठी असतो. टोकाला शिसे आणि त्याच्या वर तंगुसाच्याच वीतभर लांबीच्या एक-दोन फांद्यांवर गऱ्या, ही मांडणी शिकायला सोपी आहे. किती शिसे लावायचे हे प्रवाह ठरवतो. लाटेबरोबर घसरणार नाही इतके असले की झाले. गावातले कितीतरी जण रॉडशिवाय, हातात तंगूस धरूनच उत्तम गरवतात.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नये. जड शिसे जोराने फेकताना बारीक तंगूस तुटला, तर ते शिसे गोळीसारखे सुटते आणि आसपासच्या माणसाला गंभीर इजा करू शकते. म्हणून शेवटच्या काही मीटरला जाड तंगूस जोडतात. दर औंस शिशामागे त्याची ताकद दहा पौंड असावी, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे तीन औंसांना तीस पौंडांचा तंगूस. फेकण्याआधी मागे वळून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

गैरसमज : अमावस्या-पौर्णिमेलाच मासा लागतो.

वस्तुस्थिती : मासा हलत्या पाण्यात खातो. भरती चढत असताना आणि पूर्ण भरतीनंतर पाणी उतरू लागते तेव्हाचे तास चांगले. त्यात उजाडण्याची किंवा तिन्हीसांजेची वेळ जुळली तर अधिक चांगले. भरतीची वेळ काढण्याचा पिढीजात हिशेब किनाऱ्यावर अनेकांना पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती दिवसातून दोनदा, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचे तक्ते पाहून खात्री करावी.

आता हाच हिशेब अमावस्या-पौर्णिमेला लावा. भरती येते दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, तर सकाळ-संध्याकाळ मोठी ओहोटी असते. शिवाय उधाणाचा प्रवाह जोराचा. षष्ठी ते दशमीच्या दरम्यान मात्र भरती संध्याकाळच्या वेळेवर येते. ही भांगाची भरती, तिची ओढ कमी. अनुभवी माणूस उधाणातही मासा काढेल. नवख्याने अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ गरवण्यासाठी ठेवावी आणि उधाणाची ओहोटी तळ पाहण्यासाठी.

गैरसमज : लाटा फुटत नाहीत तिथले पाणी शांत, म्हणून सुरक्षित.

वस्तुस्थिती : सगळ्या गैरसमजांत जिवावर बेतणारा हाच. दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा आणि मध्येच गडद, गुळगुळीत दिसणारी पाण्याची वाट असेल, तर किनाऱ्यावर चढलेले पाणी बहुधा तिथूनच समुद्रात परतत असते. वाळूचा दांडा तिथे तुटलेला असतो, तळ खोल असतो, म्हणून लाट फुटत नाही. खाद्य तिथून वाहत जाते, त्यामुळे मासे या वाटेच्या कडेला थांबतात. कोरड्या वाळूवरून तिथे गळ जरूर टाकावा. पाण्यात उतरू नये.

पाय सुटलाच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसू नये. हा प्रवाह अरुंद असतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर यावे आणि मग फुटत्या लाटांबरोबर परतावे. मुळात गुडघ्यापेक्षा अधिक पाण्यात उभे राहण्याची गरज गरवताना नसते. कातळावर धोका आणखी मोठा : शेवाळ निसरडे आणि लाटा सारख्या उंचीच्या नसतात. दहा-पंधरा मिनिटे शांत वाटलेला कातळ एका मोठ्या लाटेत धुऊन निघतो. नवख्याने कातळ टाळावा. समुद्राला पाठ कुणीच करू नये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी घरी राहावे.

गैरसमज : मोठे आमिष लावले की मोठा मासा.

वस्तुस्थिती : आमिष ताजे हवे आणि माशाच्या तोंडात मावणारे. मुडदुशीचे तोंड लहान. तिला बारीक गरी आणि कोळंबीचा छोटा तुकडा पुरतो. करकऱ्याला कोळंबी चालते, मोठ्या भक्षक माशांना तारलीचा किंवा माकुळाचा तुकडा. मऊ आमिष फेकताना गळून पडते, म्हणून ते बारीक दोऱ्याने गुंडाळतात. नवा माणूस बऱ्याचदा रिकामी गरी घेऊन तासभर वाट पाहतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी ओढून पाहिलेले बरे.

गैरसमज : गळाला लागले ते सगळे हातात धरण्याजोगे आणि खाण्याजोगे.

वस्तुस्थिती : शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक विषारी काटा असतो. पाकटाचा काटा शेपटीवर. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी उतरलेल्या अनेकांना पाकटांनी दंश केले होते. अशा विषावर गरम पाणी हा प्रथमोपचार आहे : भाजणार नाही पण सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे. पक्कड सोबत असू द्यावी. गरी सुटत नसेल तर तंगूस कापून मासा पाण्यात सोडावा. फुगणारा केंड कधीच खाऊ नये. त्याचे विष शिजवून जात नाही.

नको असलेला मासा वाळूवर तडफडत टाकून जाणे तर अक्षम्य. ओल्या हाताने धरून तो लगेच परत सोडावा.

गैरसमज : किनारा सगळ्यांचा, तेव्हा कुठेही उभे राहावे.

वस्तुस्थिती : पुळण हे कुणाचे तरी कामाचे ठिकाण आहे. रापणीचे जाळे ओढले जात असेल, तर त्याच्या घेरात गळ टाकू नये. जाळ्यात अडकलेली गरी ओढणाऱ्याच्या हातात घुसते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे रात्री दिवे घेऊन फिरू नये. तुटलेल्या तंगुसाचा वीतभर तुकडाही मागे ठेवू नये. नायलॉन कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या गळ्यात अडकते.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावरचा गळ हे या बंदीचे लक्ष्य नाही. पण हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. दोन्ही कारणांनी रॉड तेव्हा घरात राहिलेला चांगला.

सुरुवात करायची असेल, तर ती दिवाळीनंतर करावी. उधाणाच्या ओहोटीला एक फेरी नुसती पाहण्यासाठी मारावी, तिथे नेहमी गरवणाऱ्या माणसाला जागा आणि धोके विचारावेत आणि अष्टमीच्या आसपास, सोबतीला कुणी घेऊन, ताज्या कोळंबीसह जावे. पहिल्या संध्याकाळी मासा लागेलच असे नाही. पण गळ कुठे आणि का टाकला, हे ज्याला सांगता येते, त्याला पुढच्या फेरीत काय बदलायचे हेही कळते.