अवघड इंग्रजी शब्द आणि घरातली उर्दू

दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली आपली मुले-मुली अकरावीला गेली की इंग्रजी पुस्तकांपुढे गडबडून जातात. मग बाजारातून शब्दांच्या याद्या आणून पाठांतर सुरू होते. आज पाठ केलेले शब्द आठवड्याने आठवत नाहीत. 'इंग्रजी आपल्याला जमणार नाही' असे मनाने घेतले की हुशार मुलीही सायन्सचे नाव काढत नाहीत.

आम्ही शिक्षक वर्गात पाहतो, की दोष स्मरणशक्तीचा नसतो. सुटे शब्द टिकत नाहीत. माणसांसारखे शब्दांचेही खानदान असते. काफ, ते, बे या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब, कतबा हे शब्द निघाले. सगळ्यांचे नाते लिहिण्याशी. इंग्रजीत हेच काम लॅटिन मूळ 'स्क्रिब' करते. 'स्क्राइब' म्हणजे कातिब, 'इन्स्क्रिप्शन' म्हणजे कतबा. 'मॅन्यु' म्हणजे हात, म्हणून 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणजे हस्तलिखित. एक मूळ कळले की तीन शब्द घरचे होतात.

'बेनेव्होलंट' हा शब्द मुलांना अवघड वाटतो. 'बेने' म्हणजे भले आणि 'व्होल' म्हणजे इच्छिणे. आपला 'खैरख्वाह' शब्द अगदी असाच बनला आहे. त्याच्या उलट 'मॅलेव्होलंट', म्हणजे बदख्वाह. तोच 'मॅल' जीवशास्त्रात 'मॅलन्यूट्रिशन' म्हणजे कुपोषण या शब्दात भेटतो.

काही शब्द तर अरबीतूनच इंग्रजीत गेले आहेत. 'झीरो' आणि 'सायफर' हे दोन्ही सिफरपासून आले. 'सायफर'ला पुढे गुप्त लिपी असाही अर्थ आला, म्हणून 'डिसायफर' म्हणजे गूढ लिखाण उलगडणे. 'मॅगझीन'च्या मुळाशी अरबी मखजन, म्हणजे कोठार आहे. आपला खजिनाही त्याच घराण्यातला.

मात्र नुसत्या अंदाजावर विसंबू नये. 'मॅलिएबल' या शब्दात वाईट काही नाही. तो हातोड्याच्या लॅटिन नावावरून आला आहे. ठोकून पत्रा करता येतो असा धातू, हा त्याचा अर्थ. म्हणून डिक्शनरी जवळ हवीच.

घरी एक वही करावी. आठवड्याला एक मूळ घ्यावे आणि त्यातले पाच शब्द लिहावेत. प्रत्येकापुढे स्पेलिंग, उर्दू शब्द, मराठी शब्द आणि मुलाने स्वतः बनवलेले एक वाक्य असावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून विचारावेत.

हे विचारण्यासाठी अम्मीला इंग्रजी यायलाच हवे असे नाही. 'खैरख्वाहला इंग्रजीत काय म्हणतात?' एवढे तिने स्वयंपाक करता करता विचारले तरी पुरे. दादी-नानीकडे तर असे कितीतरी शब्द आहेत. मुलांनी ते विचारून वहीत उतरवून घ्यावेत.