हर्नियाची जाळी : कापडवाल्यांच्या नजरेतून

यंत्रमागावर बीम चढविणारे कारागीर आणि गाठी वाहणारे हमाल यांना हर्निया नवा नाही. "जाळी बसवावी लागेल," असे डॉक्टर म्हणाले की घरात दोन प्रश्न उभे राहतात: ही जाळी कशाची, आणि एवढी महाग का? आमचे बरेच वाचक कापडाच्या धंद्यातले असल्याने तिची ओळख आम्ही कापड म्हणूनच करून देत आहोत.

पोटाच्या भिंतीला भोक पडले की कडा ओढून शिवायच्या, हा जुना उपाय. पण ताणून घातलेली शिवण उसवते, हे कोणताही दर्जी सांगेल. १९५८ मध्ये अमेरिकेतील सर्जन फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याच्या जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत मांडली. पुढे पॉलीप्रॉपिलीनचा धागा रूढ झाला. हे ठिगळ नुसते भोक झाकत नाही. छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि दोन्ही मिळून नवी भिंत तयार होते.

येथे आपल्या धंद्याचा हिशेब उलटा पडतो. रीड-पीक दाट आणि जीएसएम जास्त तो माल आपण भारी समजतो. जुन्या जाळ्याही अशाच जाड, ८० ते १०० जीएसएमच्या असत. पण छिद्र एक मिलिमीटरहून फार बारीक असेल तर व्रणाचा सलग थर जमतो, जाळी आखडते व पोट ताठ वाटते. म्हणून मोठ्या छिद्रांच्या हलक्या जाळ्या निघाल्या. धागाही बहुधा एकेरी घेतात, कारण पिळाच्या धाग्यातील फटींत जंतू लपतात. शिवाय ही जाळी मागावर विणत नाहीत. ती वार्प निटिंगची असते, त्यामुळे कापली तरी कडा सुटत नाहीत.

मग साधे कापड का चालू नये? धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले व २००३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर महाग आणि स्वस्त जाळीची तुलना झाली. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचाच हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात कोणाचाही नाही. याचा अर्थ बाजारातला ताका दवाखान्यात विकावा असा मुळीच नाही. मच्छरदाणीला औषध लावलेले असू शकते, आणि सर्जिकल जाळीच्या उत्पादनाला व विक्रीला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवानगी लागते.

आता पहिला प्रश्न. नेहमीच्या हर्नियात जाळी प्लॅस्टिकचीच असते, तेथे हलाल-हरामचा प्रश्न येत नाही. मात्र जखमेत जंतुसंसर्ग असेल किंवा पोटाची मोठी भिंत दुरुस्त करायची असेल, तर काही सर्जन प्राण्यांच्या ऊतींचे ठिगळ वापरतात. डुकराची कातडी किंवा आतडे, बैलाच्या हृदयावरचे आवरण यांतील पेशी धुऊन काढतात आणि कोलॅजेनचा सांगाडा तेवढा ठेवतात. हा माल फार महाग असतो. (बैलाच्या मालाबद्दल आपल्या हिंदू बांधवांनाही हाच प्रश्न पडेल.) म्हणून संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वीच जाळी कशाची, दुसरा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. पर्याय नसेल तर मुफ्तीसाहेबांकडे जाण्यास तेव्हा वेळ असतो, ऑपरेशन टेबलावर नसतो. डब्यावरचे मालाचे नाव व बॅच नंबर असलेले स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्यावे.