परसावरच्या घिरट्या कोणाच्या?

गारगोटीच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या कोणत्याही मोठ्या पक्ष्याला एकच नाव मिळते, ते म्हणजे घार. अंगणातले कोंबडीचे पिल्लू नाहीसे झाले की दोषही तिच्याच माथी मारला जातो. पक्षी जरा अधिकच मोठा असला तर त्याला गरुड म्हणतात, अगदी लहान आणि चपळ असला तर ससाणा. या तीन शब्दांत शिकारी पक्ष्यांचे सारे कुळ आटोपते. मात्र भुदरगड तालुक्याच्या या मुख्य गावाची जागा अशी आहे की, येथील परसात उभे राहून वर्षभर आकाशाकडे पाहणाऱ्याला तीन शब्द पुरणार नाहीत.

गारगोटी वेदगंगेच्या काठी वसली आहे. नैर्ऋत्येला पाटगावचा जलाशय आणि त्यामागे सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट जंगल, वायव्येला राधानगरीचे अभयारण्य आणि खाली नदीच्या दोन्ही अंगांना उसाची व भाताची शेते, असा हा मुलूख आहे. दाजीपूरच्या जंगलाला गव्यांसाठी १९५८ मध्ये संरक्षण मिळाले. पुढे वाढत जाऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. त्यामुळे जंगलातील गरुड आणि उघड्या माळावरील शिकारी हे एरवी दूर दूर राहणारे शेजारी येथे एकाच आकाशात भेटतात. अनोळखी पक्षी दिसण्याची शक्यता येथे अधिक, आणि चुकण्याचीही.

चुकण्याचे पहिले कारण म्हणजे रंगावरचा विश्वास. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडणारा पक्षी खालून पाहता काळपटच दिसतो. शिवाय शिकारी पक्ष्यांची पिल्ले वयात येईपर्यंत आईबापांहून वेगळ्या पिसांत वावरतात, आणि मोठ्या गरुडांना पूर्ण रंग येण्यास काही वर्षे लागतात. पुस्तकातील चित्राशी रंग जुळवू पाहणारा म्हणूनच निराश होतो. अनुभवी निरीक्षक आधी आकृती पाहतात. शेपटीचा शेवट कसा आहे, पंख सपाट धरले आहेत की वर उचललेले, पक्षी पंख किती वेळा हलवतो, डोके पुढे किती आले आहे, हे प्रश्न दुर्बिणीशिवायही सुटतात. रंगाची पाळी त्यानंतर यावी.

या कामी मापदंड म्हणून घारीसारखा पक्षी नाही. ती रोज दिसते, जवळून दिसते आणि तिला ओळखण्याची खूण निःसंदिग्ध आहे. तिच्या शेपटीला मागे खाच असते. शेपटी पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते खरी, पण मिटताच पुन्हा उमटते. वळण घेताना घार शेपटी सुकाणूसारखी तिरपी करते, पंख मनगटाशी किंचित मागे वाकवते, आणि तिच्या उड्डाणात एक प्रकारचा सैलपणा असतो. नांगरट चालू असताना किंवा उसाचे पाचट पेटविल्यावर धुराच्या कडेने घारी जमतात, त्या होरपळलेल्या किड्यांसाठी व पळणाऱ्या उंदरांसाठी. आठवडाभर केवळ घारीचेच उड्डाण पाहावे. ते डोळ्यांत एकदा बसले की घार नसलेला पक्षी आपोआप वेगळा जाणवू लागतो.

पहिला फरक जाणवेल तो ब्राह्मणी घारीचा. विटकरी अंग आणि पांढरे डोके-छाती असलेला प्रौढ पक्षी पाण्याच्या आसपास दिसतो आणि तो ओळखण्यास कोणाची मदत लागत नाही. गोंधळ घालते ते तिचे तपकिरी पिल्लू. रंगाने ते साध्या घारीसारखेच असते, पण शेपटीकडे पाहावे : खाच नाही, शेवट गोलाकार. एवढ्या एका खुणेवर निर्णय देता येतो.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापू लागते, जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते आणि त्या उष्ण हवेच्या स्तंभावर स्वार होण्यासाठी मोठे पक्षी जंगलातून बाहेर पडतात. पंख न हलवता वर वर जाण्याची ही सोय मोठ्या पंखांच्या पक्ष्यांना फार मानवते. म्हणून गरुड पाहावयाचे तर भल्या पहाटे उठण्याची गरज नाही. न्याहारीनंतरची वेळ उत्तम. याच वेळी वरून दोन-तीन तुकड्यांत तोडलेली, लांबवर पोहोचणारी शीळ ऐकू आली तर तो बहुधा तुरेवाला सर्पगरुड होय. रुंद, गोलसर पंख किंचित वर उचललेले, पंखांच्या मागच्या कडेलगत पांढरा ठळक पट्टा आणि आखूड शेपटीवर तसाच एक पट्टा, ही त्याची ओळख. हा पट्टा खालून, उजेडाविरुद्धही दिसतो, हे विशेष. तो झाडावर बसलेला सापडला तर पिवळे पाय, चोचीमागची पिवळी कातडी आणि मानेमागे पसरणारा काळा-पांढरा तुरा दिसेल. त्याचे मुख्य भक्ष्य साप आणि सरडे. कोंबड्यांच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो, कारण तो मोठा आहे आणि आरडाओरडा करीत सर्वांच्या डोक्यावरून फिरतो. चोर असा ओरडत येत नाही.

खरा चोर शोधायचा तर मोरघारीकडे बोट दाखवावे लागेल. डोक्यावर लांब, उभा तुरा असलेला हा सडपातळ गरुड झाडीत दडून बसतो आणि संधी साधून झडप घालतो. जंगलालगतच्या वाड्यांवरील कोंबड्या त्याला चालतात. त्याची शेपटी सर्पगरुडापेक्षा लांब असते आणि पंखांच्या मागच्या कडेला तो पांढरा पट्टा नसतो. अर्थात चोर सापडला म्हणून शिक्षेचा अधिकार मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. खुराड्यावर जाळी आणि पिलांना दुपारी मोकळे सोडताना कोणीतरी जवळ असणे, हाच उपाय आहे आणि तो दगड-गोफणीपेक्षा परिणामकारकही आहे.

मोरघारीचा विषय निघाला की मधुबाजाचा निघतोच. काही भागांत याला मोहोळघार म्हणतात, आणि हे नाव अधिक बोलके आहे. मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतील अळ्या हे त्याचे आवडते खाद्य. माश्यांचे डंख लागू नयेत म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट, आखूड पिसे असतात. पिसांच्या रंगाच्या बाबतीत मात्र हा पक्षी निरीक्षकांची परीक्षा पाहतो. एक मधुबाज जवळजवळ पांढरा, दुसरा गर्द तपकिरी, तिसरा आडव्या पट्ट्यांचा. त्याचे पट्टे अनेकदा मोरघारीसारखे असतात. बलवान गरुडाचे सोंग घेतल्याने इतर शिकारी पक्षी त्याच्या वाटेस जात नसावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. सोंग उघडे पाडते ते त्याचे डोके. लांब मान आणि कबुतरासारखे लहान डोके पुढे काढून उडणारा दुसरा गरुड येथे नाही.

याच तालुक्यातील पाटगाव आज ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे या पक्ष्याबद्दल मधपाळाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु मधुबाजाला सोयीची असतात ती झाडाला किंवा कड्याला उघडी लटकणारी आग्या माश्यांची पोळी. सातेरी माश्यांच्या बंद लाकडी पेटीत त्याची चोच पोहोचत नाही. शिवाय गांधीलमाश्या या मधमाश्यांच्या शत्रू, आणि त्यांची पोळी फोडणारा पक्षी मधपाळाचा वैरी कसा म्हणावा?

आकाशातून खाली परसात यावे तर तेथे राज्य शिक्र्याचे. आकार कबुतराएवढा, वरून राखी, छातीवर तांबूस आडव्या बारीक रेघा, गळ्यावर मधोमध एक उभी काळसर रेघ. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे-नारिंगी, आणि मादी नरापेक्षा मोठी. शिकारी पक्ष्यांत ही रीत सर्वसाधारण आहे. शिक्रा उंच घिरट्या क्वचितच घालतो. पंखांच्या चार-सहा जलद फडफडी, मग थोडे तरंगणे, पुन्हा फडफड, असे करीत तो कुंपणाच्या उंचीवरून येतो आणि आंब्याच्या किंवा फणसाच्या दाट फांद्यांत शिरतो. तो येण्याची वार्ता इतर पक्षी आधी देतात. बुलबुल आणि सातभाई एकदम कलकलाट करतात, खारी चिरकू लागतात आणि पाठोपाठ सारे परस क्षणभर चिडीचूप होते. ही शांतता ओळखू लागणे म्हणजे अर्धे पक्षिनिरीक्षण. त्याचे मुख्य खाद्य सरडे, पाली, उंदीर, टोळ आणि लहान पक्षी. तान्हे कोंबडीचे पिल्लूही तो उचलतो, मोठी कोंबडी त्याच्या आवाक्याबाहेरची.

आणि येथेच गारगोटीकरांची सर्वांत मजेशीर फसगत होते. शिक्र्यासारखाच राखी, पट्टेदार शेपटीचा, तसाच उडणारा आणि फांदीवर तसाच येऊन बसणारा एक पक्षी उन्हाळ्याच्या अखेरीस परसात येतो. त्याला पाहून लहान पक्षी घाबरतातही. हा शिकारी नव्हे, हा पावशा. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाक देणारा तो हाच. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या या कोकिळकुळातील पक्ष्याला ससाण्याचे रूप उपयोगी पडत असावे. ओळखण्यासाठी चोच पाहावी. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळ व निमुळती. पायांकडे नजर गेली तर शंकाच उरत नाही : शिक्र्याची नखे बाकदार व भक्कम, पावशाचे पाय दुबळे. बोलला की प्रश्न मिटतो, पण पावसाळा सरल्यावर तो बोलत नाही, आणि मग महिनोन्महिने कित्येक परसांत त्याची नोंद शिक्रा म्हणून होत राहते.

उसाच्या आणि भाताच्या शेतांकडे तोंड असलेल्या परसातून आणखी एक दृश्य दिसते : हवेत एका जागी पंख फडफडवीत स्थिर राहिलेला पक्षी. पांढरा-राखी, खांद्यावर काळा डाग आणि लाल डोळा असेल तर ती कापशी घार. ती वर्षभर असते, विजेच्या तारेवर बसते आणि शेपटी वरखाली हलवते. तपकिरी-विटकरी आणि लांब शेपटीचा असेल तर तो हिवाळी पाहुणा खरुची. दोघेही उंदीर वेचतात. म्हणूनच उंदरांसाठी शेतात विष घालताना विचार करावयास हवा. विष खाल्लेला उंदीर मरण्यापूर्वी सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि सर्वांत आधी याच पक्ष्यांच्या हाती लागतो.

हिवाळ्यात माळावर पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उचलून जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये येतात. नोव्हेंबरच्या सुमारास सैबेरिया व उत्तर चीनकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणेही भारत ओलांडतात. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांवर उपग्रह-यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा ते भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र पार करून गेल्याचे दिसले. आदल्याच वर्षी त्याच राज्यात दोयांग जलाशयाजवळ या पक्ष्यांची प्रचंड प्रमाणावर कत्तल झाल्याचे उघडकीस आले होते आणि गावकऱ्यांनी ती थांबविली होती.

एक पक्षी मात्र या यादीत आता नावापुरताच उरला आहे. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी देशात इतके सर्वसामान्य होते की त्याची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटले नाही. १९९२ ते २००७ या काळात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही आली. आकाश रिकामे होत असल्याचे ध्यानात येईपर्यंत बहुतेक पक्षी गेले होते. आज मोठा, रुंद पंखांचा, आखूड शेपटीचा आणि पिसे नसलेल्या मानेचा पक्षी गारगोटीवर दिसला तर त्याची नोंद बातमीच्या योग्यतेची ठरेल.

नोंद कशी करावी, हे फार अवघड नाही. पक्षी दिसताच पुस्तक उघडू नये. तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडेच पाहावे आणि नंतर वहीत एक वेडेवाकडे रेखाचित्र काढावे : शेपटीचा शेवट, पंखांची ठेवण, पट्टे कुठे आहेत. तारीख, वेळ, तो कोणत्या दिशेने गेला, काय करीत होता आणि इतर पक्ष्यांनी काय केले, हेही लिहावे. छायाचित्रावरून नाव सुचविणारी मोबाइल अ‍ॅप आज हाताशी आहेत, पण उजेडाविरुद्धच्या एका फोटोवर तीही घार आणि मधुबाज यांत गोंधळतात. एकाच पक्ष्याची वरून, खालून व बाजूने अशी तीन-चार छायाचित्रे मिळाली तर जाणकाराला निर्णय देणे सोपे जाते. नाव नक्की न ठरल्यास ‘अनोळखी गरुड, आखूड शेपटी, पंखांच्या कडेला पांढरा पट्टा’ एवढेच लिहून ठेवावे. अशा नोंदी ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर देता येतात, आणि ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा २०२३ चा अहवाल मुख्यतः अशाच सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. मांसाहारी आणि उघड्या माळावरील पक्ष्यांची घट त्यातूनच समोर आली. कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठी निरीक्षकांची कधी वाण नसते. भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर त्या मानाने डोळे कमी आहेत, आणि सर्पगरुडाची शीळ मात्र सकाळी दहाला तेथेच ऐकू येते.