प्रतिकूल हवामानातील उड्डाण-नियोजन : वैमानिक व डिस्पॅचर यांच्यातील संवाद

प्रतिकूल हवामानात विमान सुरक्षित उतरणे केवळ वैमानिकाच्या कौशल्यावर अवलंबून नसते. उड्डाणापूर्वी फ्लाइट डिस्पॅचर हवामानाचा अंदाज, धावपट्टीची स्थिती व पर्यायी विमानतळ यांचा अभ्यास करून इंधनाचा हिशोब मांडतो. अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो.

दि. १ जुलै २०१९ रोजी रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले बोईंग ७३७ विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले. जीवितहानी झाली नाही. परंतु धावपट्टी काही दिवस बंद राहून अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली. अशा वेळी पुण्याचे लोहगाव विमानतळ सोयीचा पर्याय वाटते. तथापि मोसमी पावसाचा एकच पट्टा मुंबई व पुणे या दोन्ही शहरांना व्यापू शकतो. जवळचा पर्याय प्रत्यक्षात उपयोगी पडेल का, हे डिस्पॅचरने वैमानिकास स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते.

पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन व जेट विमानासाठीचे ३० मिनिटांचे अंतिम राखीव इंधन यांना हात न लावता किती वेळ घिरट्या घालता येतील, हा आकडा दोघांनी उड्डाणापूर्वीच निश्चित करावा. येथे ‘पाहू या’ असे मोघम उत्तर घातक ठरते. सारांश, विमान केव्हा वळवावयाचे याची मर्यादा जमिनीवर ठरलेली असेल, तरच तो निर्णय आकाशात वेळेवर घेता येतो.